पंधरा दिवसांची शिकवणी

सुमनताईंनी मुलीची गादी दाबून पाहिली, पिण्याचं पाणी उकळतात ना ते विचारलं आणि वही उघडली. कोर्टानं त्यांना पुण्याहून पिंपरीच्या कारखान्याच्या वसाहतीत पाठवलं होतं. ऑल्सेनसाहेबांचा करार संपत होता. अनाथाश्रमातून आणलेली शेवंता त्यांना मायदेशी न्यायची होती. ती इथे रमली आहे का, एवढं कोर्टाला हवं होतं.

"शेवंता, तुझी आई कोण?"

चार वर्षांच्या शेवंतानं मिसेस ऑल्सेनचा झगा धरला. "मम्मी."

दाराशी उभ्या असलेल्या गोजाबाईनं, तिच्या आयेनं, श्वास सोडला. आठ महिने शेवंता तिच्याच हातून जेवत होती, तिच्याच कुशीत झोपत होती. आणि पंधरा दिवस गोजाबाई तिला हे एक उत्तर शिकवत होती. 'शेवंता माझी दिसली, तर कोर्ट देणार,' मॅडम मोडक्या मराठीत म्हणाल्या होत्या. 'मग बोटीत तू पण. एक वर्ष.'

"गोजाबाई, हिला भरवतं कोण?"

"मॅडमच."

"रात्री रडत उठली तर?"

"मॅडमकडंच जाती, बाईसाहेब. मला तर इचारत बी न्हाई."

सुमनताईंनी लिहिलेलं वाचून दाखवलं. गोजाबाईनं खाली अंगठा उठवला.

मग सुमनताईंनी अर्जाचं पान उलटून इंग्रजीत काही विचारलं. मॅडमनी गोजाबाईकडे पाहिलं, मग मुलीकडे.

"नो."

तेवढं इंग्रजी गोजाबाईला कळत होतं. "काय इचारलं, बाईसाहेब?"

"अर्जात सोबत आया नेणार असं लिहिलं होतं. मूल तुमच्याशिवाय जेवत नाही, म्हणून. विचारलं, आता गरज आहे का?" सुमनताईंनी वही मिटली. "तुम्हीच तर सांगितलंत."

"मॅडम, तुमी बोलला व्हता..."

मॅडम सुमनताईंना जीपपर्यंत पोचवायला निघाल्या होत्या.

गोजाबाई पदराला अंगठा पुसत राहिली. शाई निघत नव्हती. शेवंता खिडकीत उभी होती. जीप फाटकाबाहेर पडल्यावर ती पळत आली आणि गोजाबाईच्या मांड्यांना बिलगली.

"गेल्या त्या," ती हळूच म्हणाली. "आता तुला आई म्हणू?"