पाहुण्यांच्या नावाचं पत्र

“हार मी देतो, मॅडम. तेवढं माह्या हर्षीचं पत्र वाचाले लावजा पाहुण्यायले,” वच्छलाने स्टेजच्या पायरीशी पुन्हा एकदा बजावलं. रागिणी मॅडमनी मान हलवली. वच्छलाच्या नजरेला नजर देणं त्यांना ऑगस्टपासून जमलं नव्हतं.

पातूरजवळच्या त्या शाळेत आज डॉ. आरती वानखडे आल्या होत्या. बाई मूळच्या अचलपूरच्या. आता परदेशात राहून देशोदेशीच्या रोगांच्या साथी आवरायचं काम करायच्या. अशा मोठ्या माणसांना पोरांनीच पत्र लिहून बोलवायचं, ही कल्पना रागिणी मॅडमची. मागच्या महिन्यात कलेक्टरसाहेबही असेच येऊन गेले. मॅडमचा नियम एकच होता. मनातलं लिहा, पाकीट चिकटवा, दुसऱ्याचं पत्र कोणी फोडायचं नाही. शाळेचं निमंत्रण पोस्टाने गेलं. पोरांची पत्रं मात्र पाहुण्यांच्या हातात द्यायची म्हणून लाल फितीत बांधून कपाटात ठेवली गेली. पोरांना वाटलं, ती केव्हाच पोचली.

हर्षाने आपलं पत्र घरी खाटेवर पडून लिहून शाळेत धाडलं होतं. डोळे हळदीसारखे पिवळे झालेले आणि डोक्यावर काविळीची माळ. दोऱ्यात काड्या गुंफलेली ती माळ जाणत्या माणसाकडून आणायची आणि डोक्यावर ठेवायची. ती रोज थोडी लांबते, खाली सरकते, आणि गळ्याखाली आली की कावीळ गेली, असं सगळा गाव मानतो. वच्छलाच्या माहेरी तीन माणसं अशी उठून बसली होती. नवरा शालिकराम म्हणाला होता, पोरीले अकोल्याले दवाखान्यात नेऊ. वच्छलाने ऐकलं नाही. पोरगीही दोनदा म्हणाली. “माय, उतरून राहिली न माळ, थांब जरा,” असं म्हणून वच्छलाने तिला गप्प केलं. मग हर्षाने कागद मागितला.

“काय लिवलं व?” वच्छलाने विचारलं होतं.

“तुह्या हाराचं लिवलं,” पोरगी हसून म्हणाली होती.

नवव्या दिवशी माळ छातीवर आली. दहाव्या दिवशी, भर ऑगस्टात, अकोल्याच्या दवाखान्यात हर्षाने जीव सोडला. माळ उतरली, कावीळ उतरलीच नाही. त्यावर नवरा-बायको आजवर एक शब्द बोलले नव्हते.

वर्ष उलटल्याशिवाय दुःखाच्या घरातून शुभकार्याला हार जात नाही. तरी वच्छलाने पहाटे वावरातली शेवंती खुडली. लेकीने पाहुण्यांना हार कबूल केला होता, आणि पाहुण्याला दिलेला शब्द वच्छलाने जन्मात मोडला नव्हता. शिवाय त्या पाकिटात तिची पोरगी बोलत होती. पाच महिने ती त्याच आवाजासाठी झुरत होती.

सत्कार झाला. डॉक्टरबाईंनी हार काढून टेबलावर ठेवला नाही, गळ्यातच राहू दिला. मॅडमनी त्यांच्या कानात दोन शब्द सांगितले. बाईंनी वच्छलाला वर बोलावून शेजारच्या खुर्चीवर बसवलं, फीत सोडली आणि हर्षाचं पाकीट फोडलं.

“आदरणीय डॉक्टर मॅडमना हर्षा शालिकराम हिचा नमस्कार. आमच्या शाळेत या. माझी आई तुमच्यासाठी शेवंतीचा हार करेल. तिच्यासारखा हार अख्ख्या पातुरात कोणी करत नाही.”

वच्छला हसली. पाच महिन्यांत पहिल्यांदा हसली. डोळे मात्र घळाघळा वाहत होते. पोरंही टाळ्या वाजवू लागली.

डॉक्टरबाई पुढच्या ओळीवर थांबल्या. कागदाची घडी घालू लागल्या.

“थांबल्या काहून, बाई? वाचा न,” वच्छला म्हणाली. “पोरगी आपल्या मायले काई वंगाळ बोलनार नाई.”

बाईंनी माईक बाजूला सारला आणि फक्त तिलाच ऐकू जाईल इतक्या हळू वाचलं.

“पत्र मिळताच लवकर या. मला कावीळ झाली आहे. आई माझं ऐकत नाही, पण पाहुण्यांचा शब्द ती कधीच मोडत नाही. तुम्ही तिला एवढंच सांगा, हर्षाला दवाखान्यात ने.”