चौलकर, बांबेर्गर

पाना बांबेर्गरच्या खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज वर्कशॉपभर ऐकू गेला. म्हातारा जर्मन इंजिनियर कंप्रेसरला टेकत खाली घसरला. तल्हाने दुसऱ्या घावासाठी हात उचलला, तोच फोरमन सिराजुद्दीनने मध्ये येऊन त्याचं मनगट पकडलं.

"बाजूला व्हा, चाचा. तो यहुदी आहे."

"कोण म्हणतं?"

"मोबाईलवर आडनाव टाकून बघितलं. जर्मन आणि यहुदी आडनाव, असं लिहिलंय. लढाईत मेलेल्या त्या पोरांचे फोटो बघितलेत तुम्ही? कफनातले?"

"बघितले. रात्रभर झोपलो नाही. ह्यानं मारली ती?"

आखातातल्या धाहरानच्या उन्हाने डोक्यावरचा पत्रा कडकडत होता. वेल्डर मास्क वर करून उभे होते. एक जण गेटकडे पळाला. बाकी कोणी पुढे येईना.

"ऐक. बांबेर्ग हे गाव. तिथून आला तो बांबेर्गर. कोणी ख्रिस्ती, कोणी यहुदी. तू चौलकर, मी चौलकर. आपल्या चौलात हिंदू चौलकर नाहीत? आणि ते शनवार तेली चौलकर? ते कोण होते? शनिवारी घाणा बंद ठेवायचे, यहुदीच ना? त्यांच्या तेलात तळलेली मासळी खाऊन तुझी आजी वाढली. चल, तिच्यापासून सुरुवात कर."

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. तल्हालाही हसू आवरेना. "तुम्ही पण ना, चाचा..." त्याचा हात सैल पडला.

बांबेर्गरला मराठी येत नव्हतं. एवढ्या बोलण्यातला एकच शब्द त्याला कळला होता. तो इंग्रजीत म्हणाला, "माझे आजोबा होते. यहुदी."

सिराजुद्दीनने डोळे मिटले. "तुला कोणी विचारलं, बाबा?"

तल्हाने मनगट हिसडलं. सुटेना. त्याने पाना दुसऱ्या हातात घेतला.

"आता तरी सोडा. तोच बोलला."

"बोलला. मग?"

"चाचा, मी तुम्हालाही खलास करीन."

"कर. मात्र तुझ्या अम्मीला फोन तू करायचास."

पाना कानशिलावर बसला. सिराजुद्दीन वाकला. मग पाना पुन्हा बसला, त्याच जागी. तो कोसळला तसा तल्हाही ओढला जाऊन गुडघ्यांवर आला.

बांबेर्गर सरपटत आला आणि धड हाताने जखम दाबून धरली. रक्त त्याच्या बोटांमधून फरशीवर उतरत राहिलं. तल्हाचं तिकडे लक्ष नव्हतं. हातातला पाना केव्हाच पडला होता. तो आपलं मनगट ओढत होता आणि लहान पोरासारखा म्हणत होता, "सोडा ना, चाचा. सोडा ना."

पोलीस आले तेव्हा सिराजुद्दीनचा श्वास थांबला होता. शिपायाने खाली बसून त्याची बोटं एकेक करून उघडली. अंगठा शेवटी सुटला. मग तल्हाच्या मनगटावर उठलेल्या त्या बोटांच्या वळांवरच त्याने बेडी चढवली.