टोपावरचा वाकडा जोड

"आणखी खराब पायजे, बाबा," पियूष म्हणाला.

जानरावांनी हातातली हातोडी खाली आपटली. सकाळपासून पत्र्याचा हा तिसरा तुकडा. ज्या माणसानं अडतीस वर्षं पोलादाच्या प्लांटात वेल्डिंग केलं, ज्याच्या जोडांचे एक्स-रे निघायचे आणि एकही जोड कधी परत आला नाही, त्याला त्याच्याच अंगणात त्याचाच पोरगा सांगतो, आणखी खराब करा. डोकं फिरणार नाही तर काय होईल!

"किती खराब पायजे तुले? एकदाचं सांगून टाक."

पियूषनं पुन्हा मोबाईल पुढं केला. कुठल्याशा परग्रहावरच्या कैद्यांचा सिनेमा. त्यातल्या म्होरक्याच्या डोक्यावर लोखंडी टोप, आणि टोपावर कपाळापासून थेट मानेपर्यंत वेल्डिंगचा एक जोड. वाकडातिकडा. मध्ये दोन गोळे, एका ठिकाणी चक्क खंड. त्या टोपाची नक्कल पियूषनं बाहेरून मागवली होती. टोप आला लोखंडीच, पण गुळगुळीत. जोड नुसता रंगानं काढलेला. उद्या रविवारी सिविक सेंटरजवळच्या हॉलात असल्या वस्तू जमवणाऱ्यांचं प्रदर्शन होतं. रंगवलेला जोड पाहून रायपूरहून येणारे हसतील, ही पियूषची चिंता. बँकेतला तेहेतीस वर्षांचा माणूस, आणि चिंता कशाची, तर टोपाची!

"हा गोळा पाहा, डाव्या भुवईच्या वर. हा आलाच नाही तुमचा."

"अबे, रॉड थांबला का गोळा येते. माहा रॉड थांबतच नाई, तं मी काय करू?"

"मग थांबवा ना."

"थांबत नाई म्हटलं ना एकदा!"

बरं, वेळ तरी कोणती? सोमवारी जानरावांची टेस्ट होती. प्लांटातली भट्टी दुरुस्तीसाठी बंद राहणार होती, त्या शटडाऊनसाठी एक ठेकेदार जुने वेल्डर घेत होता. वीतभर लांब प्लेट, एका दमात, हात न थांबवता जोडून दाखवायची. जमली तर पुन्हा भट्टीवर. रिटायर होऊन सहा वर्षं घरात बसलेला माणूस. शेजाऱ्याच्या फाटकाची बिजागरी जोडणं एवढंच त्याला वेल्डिंग उरलं होतं. ठेकेदाराचा फोन आल्यापासून ते जेवतानासुद्धा भट्टीच्याच गोष्टी सांगायचे. आणि ऐन दोन दिवस आधी हा पोरगा म्हणतो, हात वाकडा चालवा.

"टेस्टच्या टायमाले हात बिघडवून राहिला तू माहा," ते म्हणाले.

"बाबा, एक टोप केल्यानं हात कसा बिघडेल? आप भी ना!"

भीमाबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "पोळ्या गार होऊन राहिल्या. एक म्हणते बिघडवा, दुसऱ्याले बिघडवता येत नाई. दोघंही सारखेच!"

आता जानरावांचा संयम सुटला. "आण तो टोप इकडं. मी मारतो माह्यासारखा जोड. सरळ. ठेवायचा तं ठेव, नाई तं घाल भंगारात."

"बाबा, नको! एकच पीस आहे!"

पण जानरावांनी टोप विटांमध्ये अडकवला होता, नवा रॉड होल्डरला लावला होता आणि काच तोंडापुढं धरली होती. पियूष तोंड फिरवून उभा राहिला. ठिणग्या उडाल्या.

आधीचे तुकडे चार-चार बोटांचे होते. टोप मात्र कपाळापासून मानेपर्यंत, आणि वरून गोल. कपाळापासून निघालेला रॉड भुवईच्या वर येईपर्यंत छान चालला. मग मनगटात काहीतरी हललं. जानरावांनी दात आवळले, श्वास धरला, कोपर पोटाशी घट्ट लावलं. सगळं केलं. रॉड थांबला. पुन्हा निघाला, डावीकडं घसरला. पुन्हा थांबला. माथ्यावर आर्क तुटला, रॉडचा जाळ विझला; तो पुन्हा लागेपर्यंत दोन बोटं जागा कोरी राहिली. मानेपर्यंत रॉड त्यांनी कसाबसा ओढत नेला.

काच खाली करून त्यांनी हातोडीनं वरची काळी खपली उडवली. खाली पाहिलं. खपलीचा कण शिल्लक नव्हता, तरी पुन्हा दोन-चार वेळा ठोकलं.

"बाबा!" पियूष जवळजवळ किंचाळलाच. मोबाईल टोपाशेजारी धरून तो एकदा इकडं, एकदा तिकडं बघत होता. "सेम टू सेम! गोळा बरोबर भुवईवर! खंड पण! अन् सकाळपासून नाटक करून राहिले होते का?"

जानरावांनी उजवा हात समोर धरला, बोटं पसरली आणि पियूषचं लक्ष जायच्या आत तो खिशात घातला. मशीन डाव्या हातानं बंद केली.

"पियूषची माय," त्यांनी आवाज दिला, "सोमवारी डबा नोको करू माहा."

"कावून?" आतून भीमाबाईंनी विचारलं. "टेस्ट हाये ना तुमची?"

जानराव मशीनची वायर गुंडाळायला लागले. पियूषनं तोवर चार बाजूंनी फोटो काढून ग्रुपवर टाकलेसुद्धा.

"उद्या सगळ्यांना सांगणार मी," टोप छातीशी धरून तो म्हणाला. "हा जोड माझ्या बाबांनी मारला म्हणून."

"सांग ना," जानराव म्हणाले. "पण मुद्दाम खराब मारला, असं सांगजो."