नसलेल्या वेळेची साखळी

"मनातलं बोललात. बाद," सर म्हणाले.

नर्सने खुर्ची उचलून भिंतीशी नेली. वेळ असता तर मी आठवडाभर झोपले असते, एवढंच ती इंग्रजीत म्हणाली होती. क्रियापदं चोख होती. पण वाक्य संपता संपता तिला जांभई आली आणि चोरी पकडली गेली.

सरांच्या घरी भरणाऱ्या इंग्रजीच्या वर्गात रोज साखळीचा खेळ चाले, आणि त्याचे नियम सरांचे होते. एकाने 'असं असतं तर' म्हणायचं, पुढच्याने त्याच्या वाक्याचं शेपूट धरून पुढे जायचं. मनात येईल ते बोलायचं. मनात असेल ते नाही. मनातलं बोलायला लागलं की माणूस क्रियापद विसरतो, असं सरांचं म्हणणं. त्यांच्या हाताखालून गेलेले कितीतरी जण परदेशी नोकऱ्या करत होते. सर इथेच होते.

"आता उरलो दोघं," वेल्डर म्हणाला. "दोघांच्या साखळीला भांडण म्हणतात, सर. काकू, तुम्ही बसा ना."

काकू, म्हणजे सरांची बायको, पाण्याचा जग ठेवायला आली होती. दुपार कलली होती, पडदे ओढलेले होते, पंख्याची घरघर सगळ्यांच्या पापण्यांवर बसली होती. काकू बसली. इतकी वर्षं स्वयंपाकघराच्या भिंतीआडून ऐकून ऐकून इंग्रजी तिच्या कानात मुरलं होतं. जिभेवर मात्र कधी आलं नव्हतं.

तिच्या मनात एकच गोष्ट होती. परदेशातल्या मुलाची मुलगी आता घडाघडा बोलायला लागली होती, आणि काकूने तिला फोनच्या काचेपलीकडेच पाहिलं होतं. नात इंग्रजीच बोलायची. काकू हात हलवायची, नात हात हलवायची, झालं संभाषण. मुलगा दर वेळी म्हणायचा, या. सर म्हणायचे, "वेळ मिळू दे, जाऊ." आणि नात फोनवर आली की ते चष्मा शोधायला उठायचे. चष्मा डोळ्यांवरच असायचा. मुलगा त्यांचा शब्द मोडून गेला होता. तो राग अजून निवळलेला नाही, असं काकू धरून चालली होती. बापलेकाच्या रागात तिसऱ्याने काय पडायचं.

फळ्यावर आजचं वाक्य होतं. इट्स टाइम वी वेंट. आपण निघायची वेळ झाली. मघाशी सरांनी ते उलगडून सांगितलं होतं. इंग्रजी भाषा वेळेच्या बाबतीत मोठी लहरी. जे अजून झालंच नाही, त्याला ती झाल्याचे कपडे घालते. 'गेलो' म्हणायचं आणि घरातच बसायचं.

काकूने ते वाक्य एकेक शब्द टेकत म्हटलं.

"सर, हे मनातलं वाटतंय," वेल्डर म्हणाला.

"फळ्यावरचं आहे. चालेल. पुढे."

मग साखळी निघाली, सगळी इंग्रजीतच. वेल्डर, सर, काकू. वेल्डर, सर, काकू.

आपण गेलो असतो, तर मोठी बॅग लागली असती.

मोठी बॅग असती, तर जिन्यातच दमलो असतो.

दमलो असतो, तर विमानात झोप लागली असती.

झोप लागली असती, तर खाली ढग होते की समुद्र, कळलं नसतं.

कळलं नसतं, तर कुठे उतरलो तेही...

"स्वेटर," भिंतीकडून नर्स म्हणाली. "काकू, स्वेटर घ्या."

"बाद झालेल्यांनी बोलायचं नाही."

"थंडीला कुठे नियम असतात, सर?"

कुठे उतरलो तेही कळलं नसतं.

कळलं नसतं, तर बर्फातून नुसते चालत राहिलो असतो.

पंखा आता विमानासारखा वाजत होता. पडद्यातून येणारा उजेड पांढरा झाला होता. काकूने नकळत पदर खांद्यांभोवती ओढून घेतला.

चालत राहिलो असतो, तर पावलं उमटली असती.

पावलं उमटली असती, तर आतून कुणीतरी पाहिलं असतं.

पाहिलं असतं, तर दार उघडलं असतं, काकू म्हणाली. दारात पोरगी असती.

पोरगी असती, तर तिने आजोबांना काहीतरी विचारलं असतं.

सरांची पाळी.

"तिने विचारलं असतं, तर..." सर थांबले. साखळीत ते कधी थांबत नसत. "तर मी बोललो असतो. आणि ती हसली असती. माझं इंग्रजी ऐकून."

एवढ्याशा वाक्यात दोन चुका होत्या. वेल्डरने त्या ऐकल्या आणि तो आपली नखं बघत बसला. नर्स भिंतीकडे बघत राहिली.

"बाद," काकू हळूच म्हणाली. मग मराठीत म्हणाली, "अहो, मला वाटायचं, तुम्ही पोरावर रागावलाय."

"रागावून किती वर्षं काढणार?" सर फळा पुसू लागले. पुसलेलंच पुन्हा पुसत राहिले. "सगळ्या गावाला मी शिकवलं. पण तिकडच्या माणसाशी दोन शब्द कधी बोललोय? आणि एवढीशी पोर मध्येच म्हणाली, बाबा, आजोबा काय बोलतायत? तर तोंड कुठे लपवू?"

काकूने त्यांच्या हातातून डस्टर काढून घेतलं. फळ्यावर पुसण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

"तिकिटं काढ म्हणून आजच सांगते त्याला," ती म्हणाली. "तिथे तुम्ही खुशाल गप्प बसा. बोलायचं मी बघते."