ओवळं पत्र

जालन्याहून दादाचं पत्र आलं, की आई सोवळ्यात हातभर लांब बसायची. धाकटा भाऊ वाचून दाखवायचा. ती जपमाळ ओढत ऐकायची. दादा स्कॉच मिशनचा पाद्री झाला, तेव्हा अप्पांनी जिवंतपणीच त्याचं घटश्राद्ध उरकलं होतं. बाटलेल्याच्या पत्राला आईनं कधी बोट लावलं नाही.

आजचं पत्र वहिनीचं होतं. "पटकीच्या रोग्यांची सेवा करता करता हे प्रभूकडे गेले..." भावाला पुढे वाचवेना.

"त्याचं सुतक नाही," अप्पा म्हणाले. "आपल्याला तो केव्हाच मेला."

आईनं माळ खाली ठेवली, भावाच्या हातातलं पत्र घेतलं आणि छातीशी धरलं.

"अगं, विटाळ झाला! आधी स्नान कर."

"करते," आई हळूच म्हणाली. "पोटचा मुलगा गेला, की आईला स्नान करावंच लागतं."