बाजूचा उजेड

"पाहायचं काय आहे, काका?" दुकानवालीनं टेबलावर तीन दिवे मांडत विचारलं. "त्यावर ठरतं सगळं. नुसता मायक्रोस्कोपचा दिवा द्या म्हणून चालत नाही."

रंगाऱ्यानं खिशातून काडेपेटी काढून उघडली. आत वाळून काळपट झालेलं शेवाळं होतं. घरामागच्या पाण्याच्या टाकीला टेकून जी भिंत आहे, तिच्यावरून त्यानं ते सकाळीच खरवडून आणलं होतं.

"हे. माझी मुलगी बघायची. शाळेत होती तेव्हापासून नाद. आता परदेशात असते. पुढच्या आठवड्यात येतेय, बऱ्याच वर्षांनी. मायक्रोस्कोप खाली काढून पुसला, तर त्यातला दिवाच गेलेला."

लेकीची खोली त्यानं स्वतःच्या हातानं रंगवून काढली होती. नखांच्या कडांना अजून पांढरं होतं. तेवढा दिवा राहिला होता.

दुकानवालीनं दुकानातल्या दोन नळ्यांच्या मायक्रोस्कोपखाली शेवाळं काचेवर ठेवून त्यावर पाण्याचे थेंब सोडले. "तुम्हीही बघत असाल मग तिच्याबरोबर."

"बघायचो की," तो म्हणाला. मग त्यालाच राहवलं नाही. "खरं सांगू, ताई? मला कधी काही दिसलंच नाही. ती हाताला धरून ओढत न्यायची. मी डोळा लावायचो, तर माझ्याच पापण्या. मग आपलं म्हणायचं, वा, काय सुंदर! पोरीचा हिरमोड कशाला करा?"

दुकानवाली खळखळून हसली. "दोन्ही डोळे उघडे ठेवा. मी या नळ्या जवळ आणते. दोन गोल दिसतायत ना? ते एक झाले की सांगा."

"झाले," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम खाली आला.

पहिला दिवा म्हणजे भिंगाभोवती बसणारी कडी होती. सगळीकडे सारखा लख्ख उजेड, सावली म्हणून नाही. हिरव्या छापाचं कापड पसरल्यासारखं दिसलं. दुसरा खालून लागला, तेव्हा कडेची पानं काचेसारखी झिरझिरीत झाली आणि मधला सगळा काळा गोळा राहिला. तिसऱ्याला हवी तशी वाकणारी लांब मान होती. तो दुकानवालीनं डाव्या बाजूनं लावला.

रंगारी नळ्यांवर आणखी वाकला. पाणी पिऊन शेवाळं उमललं होतं. एकेक झुबका सुटा होऊन उभा होता, प्रत्येकाच्या मागे त्याची त्याची सावली. चढ होते, उतार होते, मध्ये वाट असावी अशी जागासुद्धा होती.

"भिंतीला पुट्टी भरली की आम्हीही असाच बाजूनं दिवा धरतो," तो पुटपुटला. "समोरून सगळी भिंत सपाटच वाटते."

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. नळ्यांवरचे डोळे न काढताच त्यानं तो कानाला लावला.

"बाबा, बोलता येईल का?" लेक होती. "बाबा... सुट्टी नाही मिळाली. खूप भांडले मी. आता एकदम पुढच्या वर्षीच. आईला तुम्ही सांगाल का? मला नाही जमणार."

समोरचं हिरवं रान बघता बघता पाण्यात बुडालं. तो हलला नाही. मान वर केली असती तर दुकानवालीला चेहरा दिसला असता. ती समजायचं ते समजली. पाठ फिरवून फळीवरची खोकी उगाचच सरळ करू लागली.

"बाबा? आहात ना?"

"आहे. तुझं शेवाळं बघतोय."

"कसलं शेवाळं?"

"टाकीमागचं. दिवा घ्यायला आलोय दुकानात. तुझ्या मायक्रोस्कोपला."

पलीकडून हळूच, "खरंच दिसतंय? की आपलं वा, काय सुंदर?"

रंगारी चपापला. "तुला माहीत होतं?"

"डोळे मिटून बघायचात तुम्ही, बाबा." ती हसत होती की आणखी काही, ते फोनवर कळेना.

"आता दिसतंय गं, ठकू." त्यानं बाहीनं डोळे पुसले आणि पुन्हा नळ्यांना लावले. "लांब लांब देठ वर आलेत. टोकाला बोंडं. एकेकाला टोपी घातलीय. एका बेट्याची पडलीय."

"त्याच्या तोंडाशी दात आहेत? बारीक?"

"थांब हं... आहेत! झालर लावल्यासारखे."

"दिवा कुठून आलाय?"

"डावीकडून."

"अजून खाली घ्या. अगदी जमिनीला टेकल्यासारखा."

त्यानं चाचपडत दिव्याची मान वाकवली. दुकानवालीनं बाकीचे दोन दिवे आवाज न करता उचलले आणि फळीवर परत ठेवून दिले.

काचेवरच्या सावल्या लांबत गेल्या. एका झुबक्याची दुसऱ्याच्या पायाशी पोचली, दुसऱ्याची तिसऱ्याच्या. उतारावरचा उजेड सरकत सरकत नुसता शेंड्यांवर उरला.

"संध्याकाळ झाली बघ इथे," तो म्हणाला.

पलीकडे दार उघडल्याचा आवाज आला. कुणीतरी तिला परक्या भाषेत हाक मारली, थोड्या वेळानं पुन्हा मारली. तिनं ओ दिली नाही.

"राहू द्या तसंच," ती म्हणाली. "हात लावू नका, बाबा. थोडा वेळ राहू द्या."