गार होईपर्यंत

भावाच्या हातात फुटलेल्या टॉर्चची बॅटरी माझ्याच टेबलावर तपासायला आली. तसलेच टॉर्च अजून घरोघरी चार्ज होत होते आणि कारण सापडल्याशिवाय कंपनी ते परत मागवणार नव्हती. भाऊ दवाखान्यात, आई त्याच्या उशाशी आणि मी इथे देवाचा धावा करत.

आमचा नियम साधा आहे. उष्णता दाखवणाऱ्या कॅमेऱ्यात बॅटरी काळी, म्हणजे गार दिसल्याशिवाय ती कापायची नाही.

ही गारच होईना. तिच्यात काही जीव उरला नव्हता, तरी पडद्यावर तिच्याभोवती केशरी पट्टे दिसत होते.

"ताई, हा तर पंजा आहे!" सहकारी हसला. "कुणी धरून बसलंय की काय? सोड म्हणावं बाबा आता!"

मला हसू आलं नाही. भावाची ती वाकडी करंगळी मी ओळखली होती.

"चला, निवायला लागली एकदाची," तो म्हणाला. करंगळी काळी पडली होती.

तेवढ्यात आईचा फोन आला. "अगं, त्याची बोटं गार पडतायत गं, करंगळीपासून. डॉक्टर धावलेत. तू काहीतरी कर!"

पडद्यावर दुसरं बोट विझलं.

मी हातमोजा ओढून काढला आणि बॅटरी मुठीत घट्ट धरली. ती स्वतः बर्फासारखी होती; पडद्यावरची ऊब त्या बोटांचीच होती.

"ताई, वेड लागलंय का? सोडा ती!"

"देवा, माझी ऊब घे, पण त्याला सोडू नकोस."

पडद्यावर उरलेली बोटं उचलली गेली आणि माझ्या मनगटाभोवती हळूच मिटली.